किरणोपचार आणि सिलिकोनभोंवतालचें जिवंत आवरण

पायांत कांटा मोडला आणि तो काढावयाचा राहून गेला, तर कांहीं दिवसांनीं त्याचा ठणका थांबतो. कांटा कोठें गेलेला नसतो. शरीरानेंच त्याच्याभोंवतीं एक भिंत उभारलेली असते, आणि बोटानें चांचपून पाहिलें तर तेथें बारीक कठीण गांठ लागते. जें बाहेर टाकतां येत नाहीं आणि पचवितांही येत नाहीं, तें कोंडून ठेवावें, ही शरीराची फार जुनी रीत आहे. बंदुकीची गोळी असो, अथवा कर्करोगामुळें काढून टाकलेल्या स्तनाच्या जागीं शस्त्रवैद्यानें बसविलेली सिलिकोनची पिशवी असो, शरीर तिच्याभोंवतीं आपल्याच तंतूंचा एक पापुद्रा विणतें.

हा पापुद्रा म्हणजे रोग नव्हे. तो प्रत्येक रुग्णांत तयार होतो, आणि पुष्कळ जणींत तो इतका पातळ व मऊ राहतो कीं, त्याचें अस्तित्वही जाणवत नाहीं. प्रश्न उत्पन्न होतो तो त्याच जागेवर क्ष-किरणांचा उपचार करणें भाग पडतें तेव्हां. विषय नाजूक आहे. चारचौघांत, घरांतील वडीलधाऱ्यांसमोर तो काढूं नये असें कित्येकांस वाटेल. परंतु हा रोग ज्या घरांत शिरतो, तेथें संकोचाची किंमत त्या घरच्या बाईला मोजावी लागते. तिला जें आधीं कळावयास हवें, तें पुष्कळदां शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर कळतें.

ह्या पिशवीचा इतिहास फार लांबचा नाहीं. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरीं १९६२ सालीं थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो ह्या दोन शस्त्रवैद्यांनीं सिलिकोनच्या कवचांत सिलिकोनचाच दाट रस भरलेली पिशवी प्रथम एका स्त्रीच्या वक्षांत बसविली. रक्तानें भरलेली प्लॅस्टिकची पिशवी हातांत दाबून पाहतांना जेरो ह्यांना ही कल्पना सुचली, असें सांगितलें जातें. ती शस्त्रक्रिया सौंदर्यासाठीं होती. कर्करोगाशीं तिचा संबंध नव्हता. कर्करोगाच्या रुग्णांची अडचण निराळी असते. त्यांच्यांत स्तन काढल्यावर वरची त्वचाच अपुरी पडते. ह्यावर चेडोमिर राडोव्हान ह्यांनीं १९७६ च्या सुमारास एक युक्ति पुढें आणली. आधीं एक रिकामी पिशवी छातीच्या स्नायूखालीं ठेवावयाची, कांहीं आठवडे सुईनें तींत थोडें थोडें मिठाचें पाणी भरीत जावयाचें, आणि त्वचा पुरेशी वाढली म्हणजे ती काढून तेथें कायमची पिशवी बसवावयाची. गरोदरपणांत पोटाची त्वचा जशी हळूं हळूं वाढत जाते, त्यांतलाच हा प्रकार. पुढें १९९२ सालीं अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध खात्यानें सिलिकोनरसाच्या पिशव्यांवर कडक निर्बंध घातले, आणि २००६ सालीं ते सैल केले. तो वाद मोठा आहे. येथें त्याचें प्रयोजन नाहीं.

आतां दुसरा पक्ष. क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म राँटजेन ह्या जर्मन शास्त्रज्ञास १८९५ सालीं लागला, आणि लगेच दुसऱ्या वर्षीं कर्करोगावर त्यांचे प्रयोग सुरू झाले. ह्या किरणांची मात्रा मोजण्याचें साधन तेव्हां नव्हतें. पहिल्या पिढींतील कित्येक डॉक्टरांचे स्वतःचे हात ह्या किरणांनीं भाजून गेले, कांहींचीं बोटें कापावीं लागलीं. मात्रा एकदम न देतां लहान लहान हप्त्यांनीं द्यावी, म्हणजे रोग मरतो पण त्वचा तगते, हें तत्त्व पॅरिस येथें क्लोद रेगो आणि आंरी कुतार ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत प्रस्थापित केलें. आजचा उपचारही त्याच पायावर उभा आहे. स्तनाच्या कर्करोगांत सामान्यतः ५० ग्रे इतकी मात्रा पंचवीस हप्त्यांत, म्हणजे पांच आठवड्यांत देण्याची रीत पुष्कळ वर्षें चालली. इंग्लंडांत तीच कामगिरी ४० ग्रे मात्रेनें पंधरा हप्त्यांत, तीन आठवड्यांत करूं लागले. ग्रे हें किरणांचें माप आहे, तोळा-मासा तसें.

स्तन समूळ काढून टाकल्यावर किरण कशासाठीं, असें कोणी विचारील. शस्त्रवैद्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कांहीं पेशी छातीच्या भिंतींत किंवा काखेंतील लसिकाग्रंथींत मागें राहिलेल्या असूं शकतात. जखमेमुळें सुजल्या म्हणजे आपल्याकडे ज्यांना अवधाण म्हणतात, त्याच ह्या ग्रंथि. डेन्मार्कमध्यें १९८२ ते १९८९ ह्या काळांत १७०८ स्त्रियांवर ह्याची कसून परीक्षा झाली. ह्या सर्व स्त्रियांच्या रोगाचें स्वरूप जोखमीचें होतें, आणि सर्वांना औषधोपचारही मिळाला होता. फरक एवढाच कीं निम्म्यांना किरण दिले, निम्म्यांना दिले नाहींत. दहा वर्षांनीं पाहतां छातीवर अथवा काखेंत रोग उलटण्याचें प्रमाण किरण न दिलेल्यांत शेंकडा ३२ आणि दिलेल्यांत शेंकडा ९ आढळलें. हयात असलेल्यांचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ४५ आणि ५४. पुढील सर्व विवेचन हा आंकडा मनांत ठेवून ऐकावयाचें आहे. पिशवी बिघडेल ह्या भीतीनें, ज्या रुग्णाला किरण आवश्यक आहेत तिनें ते नाकारणें शहाणपणाचें नव्हे. तेथें जिवाचा प्रश्न आहे, येथें आकाराचा.

तथापि आकाराचा प्रश्न लहान आहे असें म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास नाहीं.

किरण शरीरांत शिरतांना ही त्वचा, ही चरबी, हा स्नायु, हा कर्करोग, असा भेद करीत नाहींत. ज्या ज्या पेशींतून ते जातात तिच्या गाभ्यांतील जो सूक्ष्म दोरा, ज्यावर पेशीच्या सर्व व्यवहाराची आज्ञा लिहिलेली असते, तो ते जागोजाग तोडतात. कर्करोगाच्या पेशीला हे तुकडे सांधण्याची कला नीट साधत नाहीं. निरोगी पेशीला ती बऱ्याच अंशीं साधते. दोन हप्त्यांमध्यें जी एक रात्र जाते, ती ह्या शिवणकामासाठीं. परंतु बऱ्याच अंशीं म्हणजे सर्वांशीं नव्हे.

प्रथम बोलते ती त्वचा, कारण तिच्या पेशी सतत नव्या होत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत ती लाल होते, खाजते, कोरडी पडते. आपल्याकडील सांवळ्या वर्णावर लाली तितकी उठून दिसत नाहीं. तेथें त्वचा काळवंडते, आणि म्हणून कधीं कधीं घरच्यांना त्रासाचा अंदाज उशिरा येतो. काखेंत आणि वक्षाखालच्या वळींत सालपटें निघतात, क्वचित् ओलसर जखम होते. उपचार संपल्यावर कांहीं आठवड्यांत हें सारें बहुधा निवळतें. नवी त्वचा येते, बाई पूर्ववत् वावरूं लागते, आणि संकट टळलें असें सर्वांस वाटतें.

किरणांचा दुसरा परिणाम मात्र ह्यानंतर उमटूं लागतो, आणि तो कित्येक महिने, कित्येक वर्षें चालतो. केंसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांच्या आंतील जें अस्तर असतें, त्याच्या पेशी सावकाश बदलणाऱ्या असतात. म्हणून त्यांना झालेली इजा उशिरा प्रकट होते. अस्तर जाड होतें, आंतील वाट अरुंद होते, कांहीं वाहिन्या कायमच्या बुजतात. रक्त कमी पोंचतें, त्याबरोबर प्राणवायु कमी पोंचतो. दुसऱ्या बाजूस, जखम भरून काढणाऱ्या ज्या तंतुजनक पेशी, त्यांचें वर्तन बदलतें. एरव्हीं जखम भरली कीं त्या पांगतात. गवंड्यानें भिंत पुरी झाल्यावर थापी धुवून घरीं जावें तसें. किरण लागलेल्या ऊतींत काम चालू ठेवण्याचा रासायनिक निरोप सारखा येतच राहतो, आणि हे गवंडी भिंतीवर भिंत चढवीत बसतात. त्यांतील कांहीं पेशींच्या अंगीं तर स्नायूप्रमाणें आंखडण्याचाही गुण असतो. जिनीव्हा येथील जूलिओ गाब्बियानी व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७१ सालीं भरणाऱ्या जखमांत ह्या पेशी प्रथम दाखवून दिल्या. जखमेचे कांठ एकमेकांकडे ओढून आणणें हें त्यांचें काम. उघड्या जखमेंत तें उपकारक असतें.

तेच काम त्या जेव्हां सिलिकोनभोंवतालच्या पापुद्र्यांत करूं लागतात, तेव्हां काय होतें? चंचीचा किंवा बटव्याचा दाखला घ्यावा. बटव्यांत पाण्यानें भरलेला रबरी फुगा ठेवला आणि नाडी सैल सोडली, तर बटवा मऊ लागतो. तोच बटवा सर्व बाजूंनीं आवळत नेला तर आंतील पाणी तेवढेंच, फुगाही तोच, परंतु हाताला तो चेंडूसारखा टणक लागेल. शिवाय तो गोल होईल, कारण तेवढाच ऐवज कमींत कमी पृष्ठभागांत मावविणारी आकृति म्हणजे गोल. भूमितीच्या विद्यार्थ्याला हें ठाऊक असतें. कित्येक बाईंना वाटतें कीं किरणांनीं सिलिकोन घट्ट झालें, भाजून निघालें. तसें नसतें. उपचाराच्या मात्रेनें सिलिकोनचें म्हणण्यासारखें कांहीं बिघडत नाहीं. पिशवी विरघळत नाहीं, विषारी होत नाहीं, आणि तिच्यांतून किरण बाहेर पडूं लागत नाहींत. यंत्र बंद झालें कीं किरण संपले. लहान नातवाला आजीनें जवळ घ्यावें कीं नाहीं अशी शंका घरांत निघते, तिचें उत्तर बेलाशक घ्यावें हें आहे. फुगविण्याच्या तात्पुरत्या पिशवींत सुई घालण्यासाठीं धातूचें व चुंबकाचें एक झांकण पुष्कळदां असतें. किरणांची आंखणी करतांना डॉक्टर तेवढें ध्यानांत घेतात.

आवळण्याच्या ह्या क्रियेला डॉक्टर लोक चार पायऱ्या लावतात. जेम्स बेकर ह्या अमेरिकन शस्त्रवैद्याच्या नांवानें त्या ओळखल्या जातात. पहिल्या पायरीवर सर्व मऊ व स्वाभाविक. दुसऱ्या पायरीवर हाताला किंचित् कठीण लागतें, डोळ्यांना दिसत नाहीं. तिसऱ्या पायरीवर कठीणपणा लागतो आणि आकार बदललेलाही दिसतो. चौथ्या पायरीवर दुखूं लागतें. किरण न घेतलेल्या रुग्णांतही ह्या पायऱ्या चढल्या जातात; किरण घेतलेल्यांत अधिक वेळां, आणि अधिक वरपर्यंत.

पापुद्र्याबरोबर आजूबाजूचेंही बदलतें. छातीचा स्नायु ताठरतो, पिशवी हळूं हळूं वर सरकते, आणि दोन बाजू सारख्या दिसेनाशा होतात. खांदा वर उचलतांना ओढ बसते. उंच फळीवरील डबा काढतांना ती प्रथम ध्यानांत येते. खांद्याचा व्यायाम नेमानें न केल्यास ही ओढ वाढते. त्वचा पातळ व चकचकीत होते, तिच्यावर लाल धाग्यांसारख्या रेषा उमटतात. सर्वांत अवघड गोष्ट ही कीं, ह्या त्वचेला पुन्हां कापणें व शिवणें धोक्याचें होतें. पेटींत वर्षानुवर्षें घडी करून ठेवलेला शालू वरून धडधाकट दिसतो. पण घडीवर सुई घातली कीं रेशीम चरकन् फाटतें. टांका घातलेली जागा सांधत नाहीं, तेथें जंतूंचा शिरकाव होतो, कधीं पिशवी उघडी पडते आणि ती काढून टाकण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

हें किती जणींत घडतें? अमेरिका व कॅनडा येथील अकरा वैद्यकीय केंद्रांनीं मिळून दोन हजारांवर स्त्रियांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. पिशवी बसवून नंतर किरण घेतलेल्या स्त्रियांत दोन वर्षांच्या आंत कांहीं ना कांहीं उपद्रव शेंकडा ३८.९ जणींस झाला. किरण न घेतलेल्या पिशवीधारक स्त्रियांत तो शेंकडा २१.८ होता. पुनर्रचना अजिबात वाया जाण्याचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा १८.७, दुसऱ्यांत ३.७. हे आंकडे घाबरविणारे आहेत खरे, परंतु ते उलट बाजूनेंही वाचावे: किरण घेऊनही शंभरांतील ऐंशींहून अधिक जणींची पुनर्रचना दोन वर्षांनीं टिकून होती. मात्र दोन वर्षें हा ह्या बाबतींत थोडा काळ आहे. आवळण्याची क्रिया त्यानंतरही चालू राहते.

किरण आधीं कीं पिशवी आधीं, हा क्रम ठरविणें वरवर सोपें दिसतें. पण आपल्या एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत प्रत्यक्ष काय होतें तें पाहावें. पन्नाशींतल्या बाईला गांठ आढळते. शस्त्रवैद्य सांगतो, स्तन काढावा लागेल, त्याच वेळीं पिशवी ठेवतां येईल. बाई म्हणते, "मुलीचें लग्न चार महिन्यांवर आलें आहे, जें करायचें तें एकदांच करा." यजमान मान हलवितात. शस्त्रक्रिया उत्तम होते. दहा दिवसांनीं प्रयोगशाळेचा कागद येतो: काखेंतील ग्रंथींत रोग आहे. आतां त्यांना दुसऱ्या इमारतींतील किरणवैद्याकडे पाठविण्यांत येतें. तो म्हणतो, किरण घ्यावेच लागतील. आणि मग प्रथमच, सहज बोलतां बोलतां, पिशवीचें काय होऊं शकतें तें सांगतो. बाई विचारते, "हें आधीं कां नाहीं सांगितलें?" दोष कोणा एकाचा नसतो. शस्त्रवैद्य आकाराबद्दल बोलतो, किरणवैद्य मात्रेबद्दल बोलतो, आणि दोघांच्या मधल्या व्हरांड्यांत बाई एकटी उभी असते.

ग्रंथींची पूर्ण हकीकत शस्त्रक्रियेनंतरच कळते, हें खरें अवघड स्थळ आहे. काखेंतील गांठ हाताला लागत असेल किंवा सुईनें तपासतां आली तर आधीं अंदाज येतो. रोग मोठा असेल तर किरण लागणार हें जवळजवळ ठरलेलेंच असतें. आपल्या देशांत बायका पुष्कळदां उशिरा डॉक्टरकडे येतात. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून कर्करोगावर उपचार करणारीं केंद्रें देशांत वाढत गेलीं; परंतु अंगावर दुखणें काढण्याची संवय गेलेली नाहीं. म्हणून आपल्याकडे पिशवीचा विचार करणाऱ्या कुटुंबानें किरणांचा प्रश्न शेवटीं न विचारतां पहिल्याच भेटींत विचारावा हें बरें.

ज्यांचें आधीं कळत नाहीं त्यांच्यासाठीं निरनिराळे मार्ग निघाले आहेत. त्याच ह्यूस्टन शहरांत स्टीव्हन क्रोनोविट्झ ह्यांनीं २००४ च्या सुमारास एक मधला मार्ग सुचविला. स्तन काढतांना फक्त फुगविण्याची पिशवी ठेवून त्वचेची जागा राखून ठेवावयाची आणि प्रयोगशाळेच्या कागदाची वाट पाहावयाची. किरण नको असतील तर लगेच पुढील शस्त्रक्रिया. हवे असतील तर पिशवींतील पाणी काढून किरण द्यावयाचे, मग पुन्हां फुगवून कांहीं महिन्यांनीं पुनर्रचना. फुगविण्याच्या पिशवीवर किरण द्यावे कीं कायमच्या पिशवीवर, ह्यावर मात्र तज्ज्ञांचें एकमत नाहीं. इटलींतील मिलान येथें मौरित्सियो नावा ह्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत फुगविण्याच्या पिशवीवर किरण दिलेल्यांत शेंकडा ४० पुनर्रचना फसल्या, कायमच्या पिशवीवर दिलेल्यांत ६.४, आणि किरण न दिलेल्यांत २.३. उलट वर सांगितलेल्या अमेरिकन समूहानें २०१६ सालीं १५० स्त्रियांची हकीकत मांडली, तींत ह्या दोन क्रमांत लक्षणीय फरक दिसला नाहीं. एका रुग्णालयाचा हात एका पद्धतीवर बसलेला असतो, दुसऱ्याचा दुसरीवर. आंकड्यांत हें हाताचें कसबही मिसळलेलें असतें.

पिशवीच नको, स्वतःच्या शरीराची ऊति वापरावी, हा दुसरा पंथ. पोटाची त्वचा व चरबी, अथवा पाठीचा स्नायु, आपल्या रक्तवाहिन्यांसह छातीवर आणून बसवितात. रोप उपटून लावणें आणि मातीच्या ढेपेसह लावणें, ह्यांत जो फरक तोच येथें आहे. किरणांनीं रुक्ष झालेल्या जागेंत ही ऊति स्वतःचें रक्त घेऊन येते. इटलींतील पाव्हिया येथील तान्सिनी ह्यांनीं पाठीचा असा तुकडा स्तन काढलेल्या जागेवर आणण्याची रीत १९०६ सालीं प्रसिद्ध केली. परंतु ह्या तत्त्वाची एक ठळक नोंद पुण्याची आहे. टिपूच्या लोकांनीं पकडून ज्याचें नाक कापलें होतें, त्या कावसजी नांवाच्या, इंग्रज फौजेकडील मराठा गाडीवानावर विटा करणाऱ्यांच्या जातींतील एका कारागिरानें कपाळाच्या कातड्याचें नाक बसविलें. कातडें कपाळावरून सोडविलें, पण भुंवयांमधील देंठ तसाच ठेवला. त्यांतून रक्त येत राहिलें, आणि नवें नाक जगल्यावरच देंठ कापला. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही शस्त्रक्रिया पाहिली आणि लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन ह्या मासिकांत १७९४ सालीं तिची हकीकत सचित्र छापून आली. देंठ तोडूं नये, हें त्या कारागिराला जें कळलें होतें, तेंच आजचा शस्त्रवैद्य सूक्ष्मदर्शकाखालीं रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडून साधतो.

वरील अकरा केंद्रांच्या पाहणींत किरण घेतलेल्या पण स्वतःच्या ऊतीनें पुनर्रचना केलेल्या स्त्रियांत उपद्रव शेंकडा २५.६ होता, आणि पुनर्रचना वाया जाण्याचें प्रमाण अवघें १.०. मग सर्वांनीं हाच मार्ग कां घेऊं नये? कारण शस्त्रक्रिया कित्येक तासांची असते, पोटावर मोठा व्रण राहतो, खर्च व विश्रांति दोन्ही अधिक लागतात. मधुमेह, धूम्रपान, अशक्तपणा असल्यास धोका वाढतो. शिवाय किरण न घेतलेल्या स्त्रियांत ह्याच पद्धतीचे उपद्रव शेंकडा २८.३ होते, म्हणजे पिशवीपेक्षां अधिक. किरण येणार असतील तर तराजू एकीकडे झुकतो, नसतील तर दुसरीकडे.

पापुद्रा आवळला गेलाच, तर तो कापून सैल करतां येतो किंवा समूळ काढून पिशवी बदलतां येते. किरण लागलेल्या भागांत तो पुन्हां आवळण्याचा संभव राहतो. इटलींतील व्हेरोना येथील जीनो रिगोत्ती ह्यांनीं २००७ सालीं किरणांनीं खराब झालेल्या ऊतींत रुग्णाच्याच शरीरांतील चरबी सुईनें भरून ती जागा पुन्हां मऊ होऊं शकते असें दाखविलें. थोड्या रुग्णांवरील हें काम होतें, परंतु त्यानंतर ही रीत पुष्कळ ठिकाणीं वापरली जाऊं लागली. थोडक्या दिवसांचा किरणोपचार पुनर्रचना केलेल्या छातीला सोसेल कीं नाहीं अशीही शंका होती. अमेरिकेत ४०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या फॅब्रेक नांवाच्या चाचणींत पांच आठवड्यांऐवजीं सुमारें तीन आठवड्यांत किरण दिलेल्यांना छातीचा त्रास अधिक झाला नाहीं. दूरच्या गांवाहून येऊन शहरांत नातेवाइकांकडे उतरणाऱ्या रुग्णाला हे दोन आठवडे वांचणें थोडें नव्हे.

ज्यांनीं पूर्वीं सौंदर्यासाठीं पिशव्या बसवून घेतल्या होत्या आणि पुढें ज्यांना गांठ निघाली, त्यांनाही हेंच लागू पडतें. गांठ तेवढी काढून स्तन राखला तरी किरण बहुधा घ्यावे लागतात, आणि जुना मऊ पापुद्रा त्यानंतर आवळूं लागतो. किरण घेतलेल्या जागीं वर्षांनंतरही एकाएकीं लाली, ऊन लागणें, सूज किंवा पाणी सुटणें दिसल्यास घरचा लेप लावीत बसूं नये. शेक तर मुळींच देऊं नये, कारण तेथील त्वचेला संवेदना कमी असते आणि भाजलेलें कळत नाहीं.

आणि कांहींच न करणें हाही एक मार्ग आहे. सपाट छाती ठेवून, पोलक्यांत कापसाची किंवा सिलिकोनची घडी घालून वर्षानुवर्षें सुखानें वावरणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांतील एखादीला पुढें वाटलें तर दार बंद झालेलें नसतें. किरण संपून निदान सहा महिने, पुष्कळदां त्याहून अधिक काळ जाऊं देतात. मग शस्त्रवैद्य तिला बसवून छातीची त्वचा दोन बोटांच्या चिमटींत धरून पाहतो. ती फांसळ्यांवरून सहज उचलली गेली तर पिशवीची गोष्ट निघूं शकते. चिकटून राहिली तर तो तिच्या पोटाकडे किंवा पाठीकडे पाहतो.